कोरडा टाका

आमच्या कंपनीत काही बिघडलं की एक पिवळा फॉर्म भरावा लागतो. काय बिघडलं, कधी लक्षात आलं, कारण काय, जबाबदार कोण, असे चार रकाने. हा फॉर्म भरायला मला आवडायचं, हे आधीच कबूल करते. दोष शोधण्यात आपला हात कुणी धरणार नाही असा माझा समज होता, आणि तो घरच्यांनाही सोसावा लागायचा. वरण पातळ झालं तरी तू कारण आणि जबाबदार लिहून काढशील, असं नवरा म्हणायचा. तो फारसं चुकीचं बोलत नव्हता.

कंपनी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आजूबाजूला सगळे गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने, दिवसभर शेजारच्या प्रेसचे दणके आमच्या टेबलापर्यंत येतात. आम्ही मात्र एमआरआयच्या कॉइल करतो. माणसाला त्या बोगद्यात सरकवतात तेव्हा त्याच्या गुडघ्याला किंवा डोक्याला प्लास्टिकचा पिंजऱ्यासारखा डबा बसवतात, ती कॉइल. तिच्या आत तांब्याच्या पट्ट्यांची कडी असतात आणि कड्यांत मधे मधे कपॅसिटर. चुंबकाच्या पोटात शरीरातले अणू फार बारीक रेडिओ लहरी सोडतात, त्या या कड्यांनी ऐकायच्या. रेडिओवर स्टेशन लावावं तसं प्रत्येक कडं एका ठरावीक लहरीवर लावावं लागतं.

नेहमीचा एमआरआय फक्त हायड्रोजन ऐकतो, म्हणजे पाणी आणि चरबी. आम्ही करत होतो ती गुडघ्याची कॉइल हायड्रोजनबरोबर सोडियमही ऐकणारी होती. गुडघ्यातली कूर्चा बिघडू लागली की तिच्यातलं सोडियम कमी होतं, आणि ते पकडता आलं तर डॉक्टरला लवकर सावध होता येतं. पण शरीरात पाणी भरपूर आणि सोडियम चिमूटभर. त्याचा आवाज इतका क्षीण, की कड्यात जराशी गळती झाली तरी काही हाती लागत नाही. शिवाय दोन कडी एका डब्यात बसवली की ती एकमेकांच्या कामात नाक खुपसतात. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे कड्यात अडसर म्हणून आणखी एक छोटं सर्किट घालायचं. मात्र त्या अडसरातच सोडियमचा थोडा आवाज जिरतो. मला तो नको होता. दोन्ही कडी अशा जागी सरकवायची की ती एकमेकांना ऐकूच जाणार नाहीत, असा माझा हट्ट होता. साहेबांनी तो तीन आठवडे चालू दिला. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः इंजिनिअर, बोलायला कमी आणि फॉर्मच्या बाबतीत कडक.

त्या तीन आठवड्यांत तांब्याच्या पट्ट्या केसाकेसाने सरकवायचं काम माझ्याबरोबर मावशींनी केलं. आमचं सगळं सोल्डरिंग त्यांच्याकडे. मावशी चाकणजवळच्याच एका गावातल्या, तिथल्या जुन्या घरातल्या. त्यांची जमीन वसाहतीत गेली. त्यांच्या शेतावर आता कुठला कारखाना उभा आहे हे त्या कंपनीच्या बसमधून बोट दाखवून सांगतात, रस्ता सांगावा इतक्या सहज. आधी त्या गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होत्या. आमच्याकडे येऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण ठेकेदाराचं माणूस म्हणून. आमच्या या पट्ट्यात ‘कायम’ या शब्दाला केवढं वजन आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. लग्न ठरवतानाही आधी विचारतात, मुलगा कायम आहे का. साहेबांनी त्या महिनाअखेरीला मावशींना कायम करायचं ठरवलं होतं. कागद तयार होता, फक्त सही राहिली होती, आणि ते मावशींना ठाऊक होतं.

सोल्डरच्या प्रत्येक जोडाला त्या ‘टाका’ म्हणायच्या. वरून बसल्यासारखा दिसतो पण आतून धरलेला नसतो, तो कोरडा टाका. दुसऱ्यांचे कोरडे टाके त्यांना लांबून दिसायचे. “ह्यो टाका न्हाई, थुकी हाय,” म्हणून तोंड वाकडं करायच्या आणि ते काम ओढून घेऊन स्वतः करायच्या. चारचौघांत त्या मला म्याडम म्हणत. दोघीच असलो की पोरी. मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही, त्यामुळे ते मला फार आवडायचं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

कॉइल मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ दिसते. कडं बरोबर लागलं की त्या जागी रेघ खोल, अरुंद खाली जाते. गळती असेल तर उथळ, पसरट खळगा दिसतो. मावशींनी या दोघांना विहीर आणि डबकं अशी नावं ठेवली होती. मी सगळ्या पोरांना शिकवताना आता तीच वापरते. तीन आठवडे आम्हाला एका कड्याची विहीर लागली की दुसऱ्याचं डबकं व्हायचं. एका शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी प्लास्टिकच्या पट्टीने सोडियमचं कडं इतकंसं ढकललं, आणि पडद्यावर दोन विहिरी एकदम दिसल्या. अडसर न घालता. मी ओरडलेच.

शनिवारी सकाळी साहेब चार पाहुणे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शहरातल्या एका रुग्णालयाने त्यांचं मशीन आम्हाला दोन तास वापरायला देऊ केलं होतं, त्याआधी पाहुण्यांना कॉइल बघायची होती. मी अर्धा तास बोलले. पाहुण्यांनी वा मॅडम, वा मॅडम केलं, फोटो काढले. ते गेले आणि माझं डोकं असं उठलं की विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत मी डबाही उघडला नाही. कॉइलचे दोन्ही अर्धे भाग टेबलावर उघडे होते, त्यांच्या शेजारीच डोकं टेकून झोपले. उठले तेव्हा मावशी टेबल पुसत होत्या. मी कॉइल बंद केली, पिशवीत घातली, स्टोअरमध्ये दिली आणि लवकर घरी रावेतला गेले. आता हिला हात लावायचा नाही, म्हणजे काही हलणार नाही, असं मी ठरवलं होतं. श्रावणातली हवा, भिंतींनाही ओल सुटलेली, आणि स्टोअरमध्ये एसी नव्हता.

रविवारी रुग्णालयात हायड्रोजनचं चित्र स्वच्छ आलं. सोडियमच्या ठिकाणी नुसता मुरमुरा, सिग्नल गेलेल्या टीव्हीवर दिसतो तसा. आम्ही गुडघ्याऐवजी मिठाच्या पाण्याची बाटली ठेवली होती, तिच्यात तर गुडघ्यापेक्षा कितीतरी जास्त सोडियम होतं. तीही दिसली नाही. दोन तास संपले, मशीन चालवणारा पोरगा मला धीर द्यायला लागला, आणि मी त्याच्यावर उगाच खेकसले.

सोमवारी सकाळी मोजलं तर सोडियमचं डबकं. मी प्लास्टिकच्या काडीने एकेक जोड टकटक करत गेले. एका कपॅसिटरपाशी रेघ हलली. काडी लावली की हलते, कधी येते कधी जाते, हे कोरड्या टाक्याचं लक्षण कुणीही सांगेल. मी तो टाका सोल्डरिंग गनने पुन्हा वितळवला आणि पडद्यावर विहीर हजर. झालं की मग. मी फॉर्म ओढला. कारण: कोरडा टाका. जबाबदार: सोल्डरिंग. माझी सही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

साहेबांनी फॉर्म वाचला आणि मावशींचा कागद खणात ठेवला. “कायमचं पुढच्या वर्षी बघू,” म्हणाले. असं होईल हे मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे लिहिताना मनात आलंही होतं, पण खरं ते लिहायचं, त्यात माणूस बघायचं नाही, असा माझा ताठा. मंगळवारी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या.

“म्याडम, माझा टाका कोरडा हाय म्हणून लिवलंत?”

खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी म्याडम.

“मावशी, गरम केल्यावर नीट झालं. आता यात मी काय करू?”

“शेक दिल्यावर आजारी माणसाला बी जरा बरं वाटतं. म्हंजी आजार कळला व्हय? उकलून बघितलात का टाका?”

“मी वितळवला तो. आता काय उकलू?”

“म्हंजी न बघताच लिवलंत.”

मला राग आला. मी म्हणाले की सात वर्षांत एखादा टाका चुकू शकतो, त्यात एवढं लावून घेण्यासारखं काय आहे. मावशी म्हणाल्या, “चुकला असता तर म्या आधी सांगितलं असतं,” आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. ते दोन दिवस त्यांनी सगळं काम चोख केलं, मागेन ती वस्तू हातात दिली, आणि कामापलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. कॉइल टेस्टिंगच्या खोलीत होती, तिथे एसी सतत चालू. दोन्ही दिवस विहीर शाबूत. बघा, माझंच बरोबर होतं, असं मी विहिरीकडे बघून मनात म्हणायचे. तरी जेवण गोड लागत नव्हतं.

गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. एसी बंद. शुक्रवारी सकाळी मी यंत्र लावलं तर डबकं.

आता तो टाका मावशींचा नव्हता, माझा होता. कोरडा असेल तर माझा. मी या वेळी तो कपॅसिटरच उपटून काढला आणि भिंगाखाली धरला. टाका चकचकीत, नीट धरलेला. कपॅसिटरच्या खाली मात्र ओलसर, पांढुरका डाग होता. डागाच्या कडेला अर्धवट विरघळलेला एक खडा, आणि त्याला चिकटलेला काळा गोल दाणा. मी तो चिमट्याने उचलून कागदावर ठेवला. मोहरी होती.

खडेमीठ आणि मोहरी एकत्र कशाला घेतात हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या घरी हे प्रकार नव्हते, वडील असल्या गोष्टींना हसायचे आणि मीही हसते. पण त्या क्षणी हसू आलं नाही. कोरड्या हवेत मीठ गप्प बसलं होतं. दमट हवा लागली की पाणी धरायचं आणि कपॅसिटरच्या दोन टोकांमधून गळती सुरू. मी टाका वितळवला तेव्हा त्या उष्णतेने ते वाळलं, आणि मी समजले की दुरुस्त झालं. मिठाचा माग काढणाऱ्या कॉइलला मिठानेच बुडवलं होतं आणि मी टाक्याचं नाव घेऊन मोकळी झाले होते. मला लाज वाटली. मग लगेच मावशींचा रागही आला, कारण लाज वाटली की मला आधी कुणाचा तरी राग येतो.

मी त्यांना बोलावलं आणि कागद पुढे केला. “मावशी, कॉइलची दृष्ट काढलीत?”

त्यांनी मोहरीकडे निरखून बघितलं.

“कॉइलची? तांब्या-पलास्टिकला कुणाची दृष्ट लागायची? तुमची काढली.”

“माझी?”

“ते पाव्हणं नुसतं तुमच्याकडं बघून वा वा करत हुतं. दुपारी तुमी डोकं धरून निजलात. कपाळ तापलं हुतं, म्या हात लावून बघितला. मग कँटीनच्या बाईकडनं मीठ-मोहरी आणली आन तीनदा उतरवली. तिच्याच शेगडीत टाकली तर लई तडतडली. येक-दोन दाणं सांडलं आसत्याल, टेबल पुसलं हुतं म्या.” मग मोहरीकडे पुन्हा बघून, “आत पडलं आसंल आसं न्हाई ध्यानात आलं.”

टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या मला कुणीतरी कपाळाला हात लावून बघितलं होतं, आणि त्याच माणसाचं कायमपण मी दहा मिनिटांत पुसून टाकलं होतं. माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

मी नवा फॉर्म घेतला. कारण: कपॅसिटरखाली मीठ, ओल धरून गळती. टाका निर्दोष. जबाबदार: मी, कामाच्या टेबलावर डबा खाल्ला. मावशींनी तो वाचून दाखवायला लावला.

“टाका निर्दोष, ह्ये ब्येस. पर डबा? तुमी त्या दिशी डबा उघडला बी न्हवता. आन डब्यात खडंमीठ कोण नेतं?”

“मावशी, दृष्टीचं लिहिलं तर साहेब कागद खणातच ठेवतील. राहू द्या ना.”

“ऱ्हाऊ दे की कागद. टाका म्या कोरडा घातला न्हवता, तवा कोरडा म्हणून घ्यायचं न्हाई. मीठ म्या सांडलं, तवा तुमच्या डब्याच्या नावावर टाकायचं न्हाई.”

आणि माझ्या आधी त्या स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी फॉर्म घेऊन मागे पळाले. मावशींनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पाव्हण्यांच्या वा वा सकट. साहेब ऐकून घेत होते. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“टाका?”

“चांगला होता, पहिल्यापासून. मी न उकलता लिहिलं. चूक माझी आहे.”

साहेबांनी माझा नवा फॉर्म वाचला आणि डब्याची ओळ खोडली. “दृष्टीचा रकाना आपल्या फॉर्मवर नाही,” म्हणाले. “परवा रविवारी रुग्णालय पुन्हा दोन तास देतंय. कॉइल चालली तर हा फॉर्म आणि मावशींचा कायमचा कागद, दोन्हींवर सही करतो. नाही चालली तर एकावरही नाही. आणि मावशी, त्या खोलीत मीठ नेऊ नका.”

“बाटलीसाठी न्यावं लागतं की,” मावशी म्हणाल्या. साहेबांनी हाताने जा म्हणून खूण केली.

आम्ही कडं शुद्ध पाण्याने आणि स्पिरिटने धुतलं, वाळवलं. नवा कपॅसिटर मावशींनी बसवला. मी मागे उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही सूचना केली नाही. मग कॉइल दमट स्टोअरमध्ये रात्रभर ठेवून पुन्हा मोजली.

रविवारी मी त्यांना बरोबर नेलं. सात वर्षं कॉइल केल्या, पण त्या कुठे जातात हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. काचेच्या अलीकडे खुर्चीवर त्या पिशवी मांडीवर धरून बसल्या. हायड्रोजनचं चित्र आलं. सोडियमला वेळ लागतो, तेच तेच ऐकून त्याची बेरीज करावी लागते. तेवढा वेळ मला आणि त्यांनाही माहीत होतं की पडद्यावर बाटली येतेय की मुरमुरा, यावर त्यांचं कायमपण आहे. हळूहळू मधोमध एक पांढरा गोल उमटला. कडा जरा भरभरीत, पण गोल.

“ह्ये मीठ?” त्यांनी विचारलं.

“हो. बाटलीतलं.”

“वरनं वाकून बघितलेली हीर दिसती,” म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं.

साहेबांनी सोमवारी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. मावशी आता कायम आहेत. पण मला जास्त आठवतं ते त्या रविवारचं परतणं. कासारवाडीच्या पुढे कंपनीची गाडी अडकली, पुढे ट्रेलर आडवा झाला होता. मी म्हणाले, “मावशी, न बघता लिहिलं मी. मला माफ करा.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. गाडी चार हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

“त्या दिशी डोकं दुखायचं राह्यलं का मग?” त्यांनी एकदम विचारलं.

मला क्षणभर कळेना त्या कशाबद्दल बोलतायत. गळती कधी सुरू झाली, कधी थांबली, पुन्हा कधी सुरू झाली, याची माझ्याकडे तारीखवार, वेळवार नोंद होती. डोक्याची कुठेच नव्हती. मी आठवून बघितलं. मी उठले, त्या टेबल पुसत होत्या, मी कॉइल बंद केली, खाली आले. डोकं दुखत नव्हतं.

“राहिलं,” मी म्हणाले. “झोपून उठले तेव्हाच राहिलं होतं.”

“मग झालं की, पोरी,” मावशी म्हणाल्या, आणि चाकण येईपर्यंत झोपल्या.